परक्या ओठांवरचे नाव



ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील विद्यापीठे उघडतात. त्या आठवड्यात तिथल्या एखाद्या वसतिगृहाच्या दाराशी आपण उभे राहिलो, तर दोन अवजड बॅगा ओढीत आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा चिनी मुलगा आपल्या दृष्टीस पडल्यावाचून राहणार नाही. बहुधा तो आईबापांचे एकुलते एक अपत्य असतो. १९८० पासून २०१५ पर्यंत चीनमधील बहुसंख्य शहरी कुटुंबांना एकच मूल असावे असा सरकारी दंडक होता, आणि आज महाविद्यालयात जाणारी पिढी त्याच काळात जन्मली. पहिले दिवस धावपळीत जातात. ओळखपत्र काढायचे, बँकेत खाते उघडायचे, खोलीतल्या सोबत्याशी जमवून घ्यायचे. जन्मभर गरम पाणी प्यालेल्या ह्या मुलापुढे भोजनगृहात बर्फ घातलेले पाणी येते. घरी फोन करावा तर तिथे मध्यरात्र असते. मग येतो पहिला तास. प्राध्यापक हजेरी घेऊ लागतात, यादीवरून बोट खाली सरकते आणि एके ठिकाणी थबकते. वर्गात क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेवरूनच मुलाला कळते की आता आपले नाव आले.

बहुतेक वेळा ही कोंडी तोच फोडतो. "मला केविन म्हणा," असे तो म्हणतो. प्राध्यापकांना हायसे वाटते, वर्गालाही वाटते, आणि हजेरी पुढे चालू होते. ह्या हायसे वाटण्याविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे. एखादे नाव उच्चारायला अवघड असेल, तर त्या अवघडपणाचे ओझे कोणी वाहावे? बाहेरून आलेल्याने, की जो आपल्या घरीच आहे त्याने?

प्रथम त्या यादीवर छापलेले नाव पाहू. चिनी माणसाचे आडनाव आधी असते, स्वतःचे नाव नंतर. पाश्चात्त्य अर्जावर 'पहिले नाव' आणि 'शेवटचे नाव' असे दोन रकाने असतात, तिथेच पहिली गफलत होते. दुसरी गफलत लिपीची. १९५८ साली चीनने आपल्या भाषेसाठी रोमन अक्षरांची 'पिनयिन' ही पद्धत स्वीकारली. तीत काही अक्षरांना जो उच्चार दिला आहे, तो इंग्रजी वाचणाऱ्याच्या स्वप्नातही येणार नाही. शिवाय प्रमाण चिनीत शब्दाला चार सूर आहेत. सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि यादीवर ते सूर छापलेले नसतात. एकाच उच्चाराची अनेक चित्राक्षरे असतात, त्यांतले नेमके कोणते आजोबांनी विचारपूर्वक निवडले होते हे तर रोमन लिपीला कळतच नाही. म्हणजे प्राध्यापकांनी तोंड उघडण्यापूर्वीच ते नाव अर्धेअधिक हरवलेले असते. (मराठी माणसाला इथे एक छोटासा लाभ आहे. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च आपण जन्मतः वेगळे ओळखतो, आणि चिनी भाषेत असे भेद पदोपदी आहेत. सुरांच्या बाबतीत मात्र आपणही त्या प्राध्यापकांइतकेच पांगळे.)

हा प्रश्न आजचा नव्हे. युंग विंग हा तरुण १८४७ साली अमेरिकेत आला आणि १८५४ साली येल येथून पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी. त्याने आपले नाव आपल्या कँटनी उच्चारानुसार, आडनाव आधी ठेवूनच वापरले. पुढे त्याच्याच खटपटीने चीनच्या सरकारने १८७२ ते १८७५ ह्या काळात तीस-तीसच्या चार तुकड्यांत १२० मुले शिकायला पाठवली. कनेक्टिकट व मॅसॅच्युसेट्समधील कुटुंबांत ती राहिली, शाळांत चमकली, बेसबॉल खेळू लागली. काहींनी वेण्या कापल्या, काही चर्चला जाऊ लागली. ही मुले आता चिनी राहिली नाहीत, अशी तक्रार मायदेशी पोहोचली. तिकडे अमेरिकन सरकारने वेस्ट पॉइंटच्या लष्करी आणि ॲनापोलिसच्या आरमारी विद्यालयांची दारे त्यांना उघडली नाहीत. १८८१ साली सर्वांना परत बोलावण्यात आले. एका देशाला ती फार परकी झालेली दिसली, दुसऱ्याला पुरेशी आपली झालेली दिसली नाहीत. खुद्द युंग विंगला १८५२ साली मिळालेले अमेरिकन नागरिकत्व १८९८ साली नाकारण्यात आले. एवढे सांगण्याचे कारण, नाव सोपे केल्याने किंवा वेणी कापल्याने माणूस 'आत' घेतला जाईल अशी हमी यजमानाने कधीच दिलेली नव्हती.

आपण शास्त्र वाचणारे लोक, तेव्हा दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपल्याला आठवला असेलच. परमुलखात नेलेले चार होतकरू तरुण, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, परकी भाषा व विद्या, राजाच्या भोजनगृहातले अन्न आणि नवी नावे. दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. हनन्या, मिशाएल व अजऱ्या हे शद्रख, मेशख व अबेद्नगो झाले. अजऱ्या म्हणजे परमेश्वराने साहाय्य केलेला, तर अबेद्नगो हा नबो देवाचा दास. ह्याहून कडवट बदल कोणता असेल? तरीही भाषांतराच्या कामात हा अध्याय शब्दशः तपासताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नावांबद्दल ह्या तरुणांनी हरकत घेतल्याची नोंद मजकुरात नाही. भाषा ते शिकले, विद्या शिकले, नावे त्यांनी सोसली. त्यांनी रेघ ओढली ती अन्नापाशी. अग्नीच्या भट्टीच्या अध्यायात तर निवेदकही त्या तिघांना बाबेली नावांनीच संबोधतो आणि त्यामुळे त्यांची निष्ठा तसूभरही उणी ठरत नाही. तेव्हा परके नाव घेणारा आपल्या माणसांना अंतरला, असा निवाडा घाईने करणे मला पटत नाही.

किंबहुना चिनी परंपरेत माणसाला एकच नाव असते असे नाही. पूर्वी सुशिक्षित पुरुष वीस वर्षांचा झाला की त्याला एक प्रौढपणाचे नाव मिळे आणि बरोबरीचे लोक तेच वापरीत. मूळ नावाने हाक मारण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा असे. आपल्या पाळण्यातल्या नावासारखे घरच्या मायेचे एक नावही असते, त्याला ते अक्षरशः 'दुधाचे नाव' म्हणतात. सत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा येते. त्या शरदोत्सवाला घरी सगळे एकत्र बसून 'चंद्राची पोळी' कापतात. त्या रात्री फोनवर आईच्या तोंडून जे नाव ऐकू येते ते यादीवर नसते आणि ते केविनही नसते. अशा मुलाच्या लेखी 'केविन' ही घराची ओसरी असते. आल्यागेल्याला तिथे बसवावे, पाणी द्यावे. माजघरात कोणाला घ्यायचे ते घरधनी ठरवील. "नाही नाही, मला तुझे खरे नाव सांग, मी तेच म्हणणार," असा आग्रह धरणारा यजमान कितीही सद्भावी असला तरी तो चपला घालून माजघरात शिरतो. पुष्कळदा त्या आग्रहात पाहुण्यापेक्षा स्वतःच्या मोठेपणाचीच काळजी अधिक असते.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. मत्तेय रिच्ची चीनमध्ये ली मादौ झाला. १८०७ साली कँटनला पोहोचलेला रॉबर्ट मॉरिसन मा लीशुन झाला. पाहुण्याने यजमानाच्या भाषेत नाव घेणे हा तिथे शिष्टाचार होता. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. तिसऱ्याच दिवशी, वर्गातले सगळे डोळे आपल्याकडे वळलेले असताना, थकल्या जिवाने फेकलेले 'केविन' आणि विचार करून निवडलेले 'केविन' ऐकायला सारखेच लागते. एक भेट असते, दुसरी जकात.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की ओझे प्रथम घरच्याने उचलावे. आलेला मुलगा भाषा शिकतो आहे, कायदे शिकतो आहे, बसचे मार्ग शिकतो आहे, बर्फाचे पाणी प्यायला शिकतो आहे. घरच्याला शिकायची आहेत दोन-तीन अक्षरे, आणि विचारायचे आहे एकच वाक्य: "तुम्हाला काय म्हटलेले आवडेल?" त्यानंतर त्याने केविन म्हटले तर केविन. त्या उत्तरावर पुन्हा वाद घालू नये.

ज्यांच्या वर्गात दोनशे मुले आहेत ते म्हणतील, हे कसे जमावे? अचूक उच्चार कोणी मागत नाही. नाव वाकडे उच्चारले जाणे हा अपमान नव्हे. तसे असते तर आपल्या प्रभूच्या नावाचा पहिला अपमान शुभवर्तमानकारांनीच केला असे म्हणावे लागेल. ग्रीकमध्ये 'श' नाही, म्हणून येशुआचा 'येसूस' झाला. मराठीत 'श' परतला, चिनीत तो 'येसू' आहे. तोंडे वेगळी, म्हणून रूपे वेगळी. तरीही योहानाच्या विसाव्या अध्यायात एक सूक्ष्म जागा आहे. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रीक संहितेत कबरेपाशी रडणाऱ्या स्त्रीला निवेदक 'मरिया' म्हणतो, पण येशू हाक मारतो तेव्हा त्याच्या तोंडी 'मरियम' हे तिच्या घरच्या भाषेतले रूप आहे. हस्तलिखितांत ह्याबाबत भेद आहेत, आणि मराठीत हा फरक दाखवायचा कसा हा भाषांतरकारापुढचा पेच आहे. पण तिला ओळख पटली ती त्या हाकेने.

वाचकहो, हा प्रश्न परदेशातल्या प्राध्यापकांपुरता आहे असे आपण समजू नये. २०२३-२४ ह्या वर्षी अमेरिकेत चीनचे सुमारे २ लाख ७७ हजार विद्यार्थी होते आणि भारताचे सुमारे ३ लाख ३१ हजार. त्या यादीवर आता आपलीच मुले अधिक आहेत. इथे घरी यजमान मात्र आपण आहोत. मिझोराम, नागालँड, मणिपूर येथून कितीतरी मुलेमुली पुणे, मुंबई, बंगळूर, दिल्लीला शिकायला येतात. त्यांतील बहुतेक मिझो व नागा तरुण ख्रिस्ती आहेत आणि रविवारी आपल्याच बाकावर बसतात. रस्त्यावर त्यांना 'चिनी' अशी हाक ऐकावी लागते. २०१४ साली दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुणाच्या केसांवरून झालेली टवाळी मारहाणीपर्यंत गेली आणि त्यात त्याचा जीव गेला. आपल्या बाकावर कोणी टवाळी करीत नाही, हे खरे. उपासना संपल्यावर हस्तांदोलन होते, चहा दिला जातो, "कुठून आलात?" असे विचारले जाते. गावाचे नाव विचारून झाल्यावर बोलणे सहसा हवापाण्याकडे वळते.