कासवाला डोळे असतात

मार्च उजाडला की नाशिकमधली हौशी कुटुंबं कोकणात वेळासला जातात. सकाळी टोपली उचलली जाते, पिल्लं वाळूवरून समुद्राकडे सरकतात आणि दोरीमागची माणसं हळहळत, टाळ्या वाजवत उभी राहतात. हे कौतुक फुकाचं नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास उकरून नेली जात. पुढे गावानेच ती राखली.

गोदेच्या घाटावर पाय घसरतो तो तपकिरी, बुळबुळीत थर मात्र कुणी राखत नाही. त्यात डायटम असतात, काचेच्या कवचाचे एकपेशीय जीव. कवच झाकणाच्या डबीसारखं दोन भागांचं. पेशी दुभागली की प्रत्येकीला एकेक भाग मिळतो आणि दुसरा तिला आतल्या मापाने घडवावा लागतो. साहजिकच बहुतेक डायटम पिढ्यान्‌पिढ्या आकाराने लहान होत जातात, आणि लैंगिक प्रजननानंतर पुन्हा मूळ मापावर येतात. कवचाची सिलिका ब्रह्मगिरीसारख्या डोंगरांचा बेसॉल्ट झिजून पाण्यात उतरते. समुद्रातले डायटम धरले तर पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा या कुळाचा.

डायटमची दया यावी असं मी म्हणत नाही. त्याला वेदना नाही, एखादा मेल्याने काही अडत नाही, आणि डायटम महोत्सव भरला तर मीही जाणार नाही. पण सगळी नीती दयेवर सोपवली की ज्याला डोळे नाहीत ते आपोआप हिशेबाबाहेर राहतं. कासवाचं आपण देणं लागतो ते त्या जिवाचं; डायटमच्या बाबतीत देणं आहे ते पाण्याचं. सांडपाणी वाढलं की नाजूक जाती नाहीशा होतात, घाण पचवणाऱ्या माजतात. दगडावर कोण उरलंय यावरून आपण नदीला कसं वागवलं ते कळतं.

बरं, हे दोघे एकमेकांना अगदीच परके नाहीत. २०१५ मध्ये कोस्टारिकातल्या ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर डायटमचे दोन नवे वंश सापडले, चेलोनिकोला आणि पूलिनिया. शिवाय आपलं नाशिकचं सांडपाणी वेळासच्या दिशेने जातच नाही. ते गोदावरीत उतरतं, आणि ही नदी १,४६५ किलोमीटर वाहून जिथे समुद्राला मिळते, त्या मुलखात काकीनाड्याजवळच्या होप बेटावर हीच कासवं अंडी घालतात.

सिंहस्थाच्या तयारीत घाट, रस्ते, पूल सगळं मोजलं जातं. मागे याच निमित्ताने रामकुंड परिसरात कुंडांच्या तळाशी काँक्रीटही ओतलं गेलं. त्या मानाने डायटमचा नमुना घ्यायला फक्त दात घासायचा एक ब्रश आणि एक बाटली लागते. पाण्यातला दगड घासायचा, खरवड बाटलीत भरायची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गोड्या पाण्यातल्या डायटमचा अभ्यास होतो आणि सूक्ष्मदर्शक नाशिकच्या महाविद्यालयांतही आहेत. पर्वणीच्या आधी आणि नंतर असे नमुने घेऊन निकाल घाटावरच्या फलकावर लावायला फार मोठ्या निधीची गरज पडू नये.