दहा फुटांवरून

खोटं बोलू नये हे मला लहानपणी आईने शिकवलं, शाळेत मास्तरांनी शिकवलं, आणि उरलंसुरलं वर्गाच्या भिंतीवरच्या सुविचाराने शिकवलं. पण खोटं शिवू नये, हे शिकायला मला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी इंग्लंडातल्या यॉर्क गावी जावं लागलं. आणि गुरू भेटला तो कोण, तर प्रत्यक्ष जावई!

आमचे जावईबापू इंग्रज आहेत. लेकीने लग्न ठरवलं तेव्हा घरात जो काही गदारोळ व्हायचा तो होऊन गेला, त्यात आता शिरत नाही. माणूस सोन्यासारखा आहे. मराठीसुद्धा बोलतो. फक्त ते बायकोकडून शिकलेला असल्यामुळे जगातल्या यच्चयावत माणसांना अरे-तुरे करतो. 'बाबा, तू चहा घेतलास?' असं त्याने मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमच्या सौ.ना ठसका लागला होता. सोमवार ते शुक्रवार हा गृहस्थ संगणकापुढे बसतो. शनिवार-रविवार तो व्हायकिंग असतो.

व्हायकिंग म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून गलबतं घेऊन आलेली दांडगी मंडळी. त्यांनी इसवी सन 866 मध्ये यॉर्क जिंकलं. त्यांच्या बोलीत या गावाचं नाव योर्विक. आता हजार-अकराशे वर्षांनंतर काही सज्जन त्या काळासारखे अंगरखे, जोडे, पट्टे, ढाली स्वतःच्या हाताने करतात, ते अंगावर चढवून तंबूत राहतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काळ समजावून सांगतात. दर फेब्रुवारीत यॉर्कला त्यांचा मोठा उत्सव भरतो.

मला वाटलं, हौशी नाटकमंडळी दिसते. त्यातला मी जुना अनुभवी. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात मी एकदा मावळा झालो होतो. मनगटावरचं घड्याळ काढायचं राहिलं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी 'किती वाजले रे मावळ्या?' म्हणून विचारलं, आणि मी ते बघून सांगितलेही! हा किस्सा मी जावयाला मोठ्या प्रेमाने सांगितला. तो हसला नाही. त्याचा चेहरा, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा झाला.

मग मी विषय बदलायला म्हणून विचारलं, 'तुमचं ते शिंगांचं शिरस्त्राण कुठे आहे?'

वाचकहो, व्हायकिंगाला शिंगांबद्दल विचारू नये. त्यांच्या शिरस्त्राणांना शिंगं असल्याचा काडीचा पुरावा नाही. 1876 साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाटकांची मालिका रंगभूमीवर आली, तेव्हा कार्ल एमिल डोप्लर नावाच्या चित्रकाराने पात्रांचे पोशाख आखताना काहींच्या डोक्यावर शिंगं बसवली. ती लोकांना इतकी आवडली की आजतागायत खाली उतरलेली नाहीत. डेन्मार्कच्या दलदलीत 1942 साली शिंगांची दोन शिरस्त्राणं सापडली खरी, पण ती निघाली ब्राँझयुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजाराहून अधिक वर्षं आधीची. त्याच्या पुढच्याच वर्षी नॉर्वेतल्या एका शेतावर अस्सल व्हायकिंग शिरस्त्राण मिळालं. ते साधं, लोखंडी, बिनशिंगाचं. जावयाचं शिरस्त्राण त्याच घाटाचं आहे. मी ते कौतुकाने हातात घेतलं आणि सवयीने उलटं करून पाहिलं. आत चिठ्ठी चिकटवलेली होती : 'भारतात तयार केलेले.' म्हणजे इतक्या लांब येऊन मी आपलाच माल बघत होतो.

'हे तिसऱ्या रकान्यात आहे,' जावई घाईघाईने म्हणाला.

आणि त्याने वही काढली. मी एका बँकेत छत्तीस वर्षं हिशेब तपासण्यात काढली आहेत. रकाने म्हटले की माझे कान आपोआप टवकारतात. पाहतो तो, प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने. पहिला 'सापडलेलं', दुसरा 'अंदाज', तिसरा 'सोय'. जोडे : अमक्या उत्खननात सापडलेल्या जोड्यांवरून, म्हणून पहिला रकाना. अंगरख्याचा गळा : त्याचा पुरावा तुटपुंजा, म्हणून दुसरा. कापड यंत्रावर विणलेलं : तिसरा. इतकी स्वच्छ वही मी बँकेत एकदाही पाहिली नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे.

आणि पहिल्या रकान्यातला माल तरी किती? यॉर्कमधल्या कॉपरगेट रस्त्यावर 1976 ते 1981 पर्यंत खोदकाम चाललं. तिथली माती ओली आणि दमट, त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या लाकूड, चामडं, लोकर अशा वस्तू तिने जपून ठेवल्या. त्याच जागी 1984 साली संग्रहालय उघडलं. तिथे मी हजार वर्षांपूर्वीचा लोकरीचा पायमोजा पाहिला. एका सुईने गाठी घालत घालत केलेला. एकच मोजा! जोडीतला दुसरा हरवण्याची परंपरा इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं. स्वीडनमधल्या बिर्का या ठिकाणी हजाराहून जास्त थडगी उकरली. तिथे कापड शिल्लक राहिलं ते प्रामुख्याने दागिन्यांच्या धातूला चिकटून. ब्रोच गंजला, त्याचा गंज धाग्यांत शिरला, आणि तेवढा नखाएवढा तुकडा वाचला. बाकी बाई, तिचं लुगडं, तिची हौस, सगळं मातीत. त्या नखाएवढ्या तुकड्यावरून अख्खा पोशाख उभा करायचा! आमच्याकडे याहून भक्कम पुराव्यावर कर्ज नाकारत असत.

तर, जावयाने माझ्याकडे मागणं केलं. लग्नात त्याने साधा रुमाल मागितला नव्हता. पंधरा वर्षांनी मागितलं ते सूत.

झालं असं, की तो चातीवर लोकर कातत बसला होता. खाली दगडाची भोक पाडलेली चकती, वर काडी. मी म्हटलं, 'अहो, ही तर आमची टकळी!' पन्नासच्या दशकात आम्ही शाळेत टकळीवर सूत काततच लहान झालो. म्हणजे, मोठे झालो. मी ती हातात घेतली, आणि सत्तर वर्षांनी बोटांना सगळं आठवलं. जावई माझ्याकडे बघतच राहिला. सासऱ्याला काही येतं, हा शोध जावयाला आयुष्यात एकदाच लागतो.

अंगरख्याच्या गळ्याला आणि बाह्यांना विणलेली पट्टी लावायची होती. तिचं सूत मी कातायचं ठरलं. रंगही त्या काळचेच हवेत. यॉर्कच्या मातीत रंगाच्या झाडांचे अवशेष सापडले आहेत. लाल रंगाचं त्यांचं मूळ आपल्या मंजिष्ठेचं चुलतभावंड, आणि निळ्या रंगाच्या त्यांच्या झाडातून निघतो तो आपल्या निळीचाच रंग. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता हिशेब पाहा. सेंटिमीटरला दहा धागे उभे, दहा आडवे, असं बेताचं कापड धरलं तर एका चौरस मीटरला दोन किलोमीटर सूत लागतं. अंगरख्याला तीन चौरस मीटर, म्हणजे सहा किलोमीटर. माझा वेग तासाला तीस मीटर. दोनशे तास! आणि त्यानंतर विणणं सुरू. ज्या बायकांनी हे केलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. इतिहासात नाव राहिलं ते अंगरखा घालून मारामाऱ्या करणाऱ्यांचं. माझ्या वाट्याला तर फक्त पट्टी होती. पण चौथ्या दिवशी खांदा बोलू लागला, आणि खांदा बोलू लागला की माणसाला तत्त्वज्ञान सुचतं.

मी म्हटलं, 'जावईबापू, आतली शिवण तरी मशीनवर मारून घ्या. दिसतंय कुणाला?'

तो म्हणाला, 'बाबा, तू दहा फुटांवाला आहेस.'

या मंडळींत दहा फुटांचा नियम म्हणून एक प्रकार आहे. दहा फुटांवरून खरं दिसलं म्हणजे झालं, असं मानणारे एका बाजूला. आतल्या टाक्यापर्यंत खरं हवं, असं मानणारे दुसऱ्या बाजूला. दोघांत जे वाद होतात त्यांच्यापुढे आपल्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे भजनाचा कार्यक्रम.

मी दहा फुटांची बाजू जोरात लढवली. 'पूर्ण खरं कुणाला जमलंय? तुम्ही मला चष्मा काढायला लावाल, कारण तेव्हा चष्मे नव्हते. ठीक. पण मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यात बसवलेलं भिंग? दंडावरचा देवीच्या लसीचा वण? तो कुठल्या व्हायकिंगाचा? आणि मी स्वतः? माझा नाकनकाशा कुठल्या थडग्यात सापडला?'

तो शांतपणे म्हणाला, 'ते सगळं तिसऱ्या रकान्यात लिही. खोटं असायला हरकत नाही, बाबा. खोट्याला खरं म्हणायचं नाही, एवढंच.'

एवढं बोलून तो कामावर गेला. मी दुकानात गेलो आणि तीन पौंडांना तयार लोकरीचा गुंडा आणला. रंग हुबेहूब तोच. माझ्या हातच्या सुताच्या मध्ये मध्ये तो मिसळला असता तर दहा फुटांवरून काय, दहा इंचांवरूनही कळलं नसतं. मी तो गादीखाली लपवला. सौ. दुपारी झोपल्या की काम उरकायचं, असा बेत होता.

त्या दुपारी गुंडा बाहेर काढला, आणि हाताला एकदम शालूची आठवण झाली.

1974 साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. वडील नव्हते. शालू मी घ्यायचा. खऱ्या जरीचा शालू माझ्या पगाराच्या तिप्पट होता. दुकानदार भला माणूस. म्हणाला, 'साहेब, ही खोटी जर आहे. लांबून कुणाला कळायचं नाही. पण मी पावतीवर तसं लिहून देणार.' त्याने लिहून दिलं. मी पावती रस्त्यात फाडली आणि घरी येऊन सांगितलं, 'खरी जर आहे.' पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या, पण हातात आलेली ती एक मी फाडली होती.

1982 च्या गिरणी संपात मेहुण्यांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी मुलींच्या फीसाठी बहिणीने तो शालू जरीवाल्याकडे नेला. त्याने काठ जाळून पाहिला. चांदी नव्हतीच, तांबं होतं. त्या भाऊबिजेला तिने मला ओवाळलं आणि म्हणाली, 'दादा, त्या दुकानदाराने तुला फसवलं रे.'

मी म्हटलं, 'हो ना. काय एकेक लोक असतात!'

एवढंच. चाळीस वर्षं झाली त्याला. यॉर्कमधल्या त्या खोलीत, तीन पौंडांचा गुंडा हातात धरून, मला ते 'हो ना' कालच बोलल्यासारखं ऐकू आलं.

गुंडा मी लेकीच्या मांजराला दिला. सूत सगळं टकळीवरचं झालं, खांद्याला शेक घेत घेत. फेब्रुवारीच्या उत्सवात, कडाक्याच्या थंडीत, मी तंबूत बसलो होतो. माकडटोपी काढून घेतली होती. लोक यायचे, शिंगांबद्दल विचारायचे, जावई डोळे मिटून उत्तर द्यायचा. एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. सरळ त्याच्या अंगरख्याची कड उलटी केली, आतला टाका बोटाने चाचपला, मान हलवली आणि गेल्या. दिवसभरात हजारो माणसं दहा फुटांवरून बघून गेली होती. जावयाचा चेहरा फुलला तो त्या एका बाईंमुळे.

रात्री मी बहिणीला फोन लावला. चित्र दिसणारा फोन, त्यामुळे तोंड लपवायची सोय नव्हती. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'म्हणजे त्या दुकानदाराला मी चाळीस वर्षं उगाचच शिव्या घालतेय होय रे? दोन्ही मुलींचे बस्ते मुद्दाम दुसरीकडे बांधले. शेजारणींनासुद्धा सांगितलं, त्याच्याकडे जाऊ नका म्हणून!'

'आता जाऊन सांगू या का त्याला?'

'कुणाला? तो जाऊन वीस वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसलाय.' मग ती हसली. 'शालू छान होता रे पण.'

माझी सुटका तिने एका वाक्यात केली. जिवंत माणसांचं हे बरं असतं. रागावतात, हसतात, सोडून देतात. दुकानदाराकडे कसं जाणार? आणि सहा किलोमीटर सूत कातणाऱ्या त्या बाईकडे? आपण तिच्या नवऱ्याच्या डोक्याला शिंगं चिकटवली, तिच्या सुताच्या जागी गिरणीचं घुसडलं, तरी ती काही म्हणू शकत नाही. आतला टाका नीट घालायचा तो बहुधा अशाच लोकांसाठी, ज्यांना उठून 'असं नव्हतं हो' म्हणता येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी जावयाची वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर माझी एक नोंद केली. रकाना न आखता, मराठीत :

'शालू, 1974. जर खोटी. दुकानदार खरा.'