चालढकल

उशिराला आपल्या भाषेत शब्द पुष्कळ. कचेरीत होते ती दिरंगाई; हा शब्द फारसीतून आलेला. जे मुळात करायचंच नाही, तिथं टाळाटाळ. अभ्यासाला बसवलेलं पोर करतं ती टंगळमंगळ. चालढकल मात्र वेगळी. काम करायचं हे कबूल असतं, कधी करायचं हेही रोज ठरतं, फक्त पाय उचलत नाही. मग आजचं ढकलायचं उद्यावर. मला ती या सगळ्यांत फसवी वाटते. टाळणाऱ्याला आपण टाळतोय हे ठाऊक असतं. चालढकल करणारा स्वतःला प्रामाणिकच समजतो.

मी अकरा वर्षं समजत होतो. आईने शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं, "माझ्या पाटल्या आक्काला दे." मी मनापासून 'हो' म्हटलं. त्या वर्षी हात अडचणीत होता, पुढच्या वर्षी मुलीचं लग्न, मग सोन्याचे भाव चढले. (भाव चढण्याचा आणि देण्याचा संबंध काय, हे कृपा करून विचारू नये.) आक्काने कधी शब्द काढला नाही. घरात विषय निघाला की मी म्हणायचो, "महाराजांच्या मनात आलं की योग येईल."

आपण दत्तभक्त हे वाक्य फार वापरतो. गाणगापूरला जाणं झालं नाही, बोलावणं नव्हतं. सप्ताह राहिला, योग नव्हता. कधी ते खरंही असतं. आजारपण येतं, कृष्णामाईला पूर येतो. पण पुराने अडवलेल्या माणसाला हुरहुर लागते. मला ती लागत नव्हती. उलट एकेक पौर्णिमा गेली की सुटल्यासारखं वाटायचं.

कारण सांगलीहून दर पौर्णिमेला मी नरसोबाच्या वाडीला जातो. गाडी जयसिंगपुरावरून जाते, आणि आक्का जयसिंगपुरातच राहते. गेल्या चैत्रात निघताना आमची ही म्हणाली, "अहो, वाडीला जायला तुम्हाला योग लागत नाही. वन्संकडे उतरायलाच कसा लागतो?" आणि पाटल्यांची डबी तिने पिशवीत पंचाखाली ठेवली.

उतरलो. आक्काने पाटल्या घेतल्या, बराच वेळ नुसत्या हातात धरल्या. घातल्या नाहीत. तिची मनगटं आता इतकी बारीक झालीत, त्या राहिल्याच नसत्या.

"घरी विचारलंस ना रे?" एवढंच म्हणाली.

जेवल्याशिवाय काही सोडलं नाही तिने. वाडीला पोचलो तेव्हा पालखी होऊन गेली होती.