मुफरद अदद आणि गवाही

मराठी पाठ्यपुस्तक जिला मूळ संख्या म्हणते, तिला आम्ही उर्दू माध्यमात मुफरद अदद म्हणतो. एका भाषेने तिचे मूळपण पाहिले, दुसरीने एकटेपण. 1 आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणी निःशेष भागू शकत नाही. पण एखादी संख्या मुफरद आहे हे आपल्याला ‘ठाऊक’ असते, म्हणजे नेमके काय असते?

2 चा दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा घात घेऊन 1 वजा केला की 3, 7, 31, 127 मिळतात. चारही मुफरद. घातांक मुफरद असला की झाले, असे वाटू लागते. अकरावा घात 2048. त्यातून 1 गेला की 2047, आणि ती निघते 23 गुणिले 89! चार गोष्टी जुळल्या म्हणून पाचवी जुळतेच असे नाही. मोहल्ल्यातल्या अफवांनाही हा हिशेब लावायला हरकत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकाला याच जातीची, तोवरची सर्वांत मोठी मुफरद संख्या सापडली. 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत. पानावर तीन हजार छापले तरी तेरा हजारांवर पाने लागतील. कोणा माणसाने ती हाताने पडताळलेली नाही, पडताळणारही नाही. मग आपण ती मानतो ही तहकीक की तकलीद?

आमच्या मते, जिथे विचारण्याचे दार बंद होते तिथे अंधी तकलीद सुरू होते. इथे वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी तोच निकाल पुन्हा काढला गेला. मुहद्दिसांनी रावींची छाननी केली तीही अशीच होती: कोणी कोणाकडून ऐकले, त्याचे स्मरण कसे, दुसरा कोणी तेच सांगतो का. तरीही गवाही ती गवाहीच.

इब्नुल हैसमने सुमारे हजार वर्षांपूर्वी मांडलेला नियम मात्र वहीच्या पानावर मावतो. 7 घ्या. 1 ते 6 यांचा गुणाकार 720, त्यात 1 मिळवला की 721, आणि 7 ने भाग जातो. 6 घेतले तर 121 येतात, भाग जात नाही. जग या नियमाला अठराव्या शतकातल्या विल्सनचे नाव देते, आणि आमच्या जलशांतून ‘हे आमच्या बुजुर्गांचे’ असे ठासून सांगितले जाते. खरे आहे. पण 721 ला 7 ने भागून न पाहता मिरवणे हीसुद्धा तकलीदच. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 6174 ची गंमत शोधली, तीही पाटीवर पडताळता येते. तिथे ना जात विचारली जाते ना मजहब.

नांदेडची मुले क्लाससाठी लातूरला जातात. लातूर पॅटर्नच्या सरावाने गरीब घरांतून डॉक्टर झाले, त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या सरावात ‘परीक्षेत येणार का?’ हा एकच प्रश्न उरतो. चार कोटी अंकांचा उपयोग काय, हे इल्म-ए-नाफे आहे का, असे मुले विचारतात. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला काहीशे अंकांच्या मुफरद संख्या पुरतात. ही राक्षसी संख्या त्या कामाची नाही, हे सरळ सांगावे.

मग फळ्यावर 2047 लिहावी. बहुतेक मुले 13 पर्यंत भागून पाहतात आणि मुफरद म्हणून मोकळी होतात. त्यांना म्हणावे लागते, आणखी भागा.