बांधून घेणे

वसुबारसेला दिवाळी सुरू होते. त्या संध्याकाळी आपण गाय-वासराला ओवाळतो, त्यांच्यापुढे घास ठेवतो. गळ्यातले दावे मात्र तसेच राहते. गाईला कोणी काही विचारलेले नसते. पुढे चार दिवसांनी कार्तिक लागतो आणि कार्तिकाचे दुसरे नाव आहे दामोदर. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. आपला ‘दावे’ हा शब्द त्या ‘दामा’च्याच कुळातला. भागवताच्या दशम स्कंधातली कथा घरोघर ठाऊक आहे. यशोदा दोरीला दोरी जोडीत गेली आणि दर वेळी दोरी दोन बोटे कमीच पडली. शेवटी आई घामाघूम झालेली पाहून कृष्णाने आपण होऊन बांधून घेतले.

एकाच सणात दोरीची ही दोन रूपे समोर येतात. गाय बांधलेली असते. कृष्ण बांधून घेतो. मराठीने एका ‘घेणे’ या क्रियापदात केवढा फरक करून ठेवला आहे! त्या ‘घेण्या’विषयी थोडे लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. संकोच वाटत होता, कारण त्यात माझीही एक गोष्ट आहे.

अकोल्याला, मोर्णेच्या काठच्या जुन्या वस्तीत आम्ही मुले चोर-शिपायाचा खेळ खेळत असू. मी नऊ वर्षांचा होतो. चोर व्हायला कोणी तयार नसे. मी मात्र आनंदाने होत असे. त्या दिवशी मित्रांनी मला वाड्याच्या खांबाला विहिरीच्या दोराने बांधले. खरे सांगायचे तर ते मला आवडले. दोराचा चहूबाजूंनी पडलेला दाब, आता काही करायला नको म्हणून मिळालेला निवांतपणा, आणि सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे! मग कोणीतरी म्हणाले, “राय बे इथंच, येतो आमी.” आणि सगळे बाजारात आलेला अस्वलवाला पाहायला निघून गेले.

दोर तोच होता. गाठही कोणी अधिक आवळली नव्हती. पण त्यांची पावले वाजेनाशी झाली आणि माझा जीव घाबरा झाला. “सोडा ना मले!” म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडलो. शेजारच्या आजींनी येऊन सोडवले तेव्हा हात बधिर झाले होते. रात्री कोणालाच काही सांगितले नाही. भीती वाटली हे सांगण्याची लाज होतीच. त्याहून मोठी लाज ही, की आधी ते आवडले होते. असे आवडणारा जगात मी एकटाच, अशी माझी खात्री होती. ती खात्री मी चांगली वीस वर्षे वागवली.

पुढे नोकरीनिमित्त अमरावतीस आलो. हे व्यायामाचे गाव. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, देशी खेळ करून दाखविले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेली मल्लखांबाची विद्या या गावाच्या अंगात भिनली आहे. तिचाच एक प्रकार दोरीचा मल्लखांब. पूर्वी तो वेतावर करीत. तसा वेत दुर्मिळ झाला तेव्हा सुती दोर आला.

एका लहानशा आखाड्यात मी तो प्रथम जवळून पाहिला. एक मुलगी पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमट्यात दोर धरून वर गेली, तिने मांडीला, कमरेला, पाठीला वेढे घेतले आणि हात सोडून ती आडवी स्थिर राहिली. या खेळात गाठ मारायची नसते. नुसत्या वेढ्यांवर, अंगाच्या वजनाने, दोर माणसाला धरून ठेवतो.

वयाची लाज गुंडाळून मीही शिकू लागलो. पहिली अढी घेताना दोर मांडीत रुतला आणि मला खांब आठवला. म्हातारे गुरुजी खालून म्हणाले, “आंग सोड, पर ध्यान सोडू नको. आमी हावो इथं.” त्या तीन शब्दांनी माझी भीती उतरली. नंतर चहा पिताना धीर करून मी म्हणालो, की दोराने धरले की मला बरे वाटते. कोणीही हसले नाही. “काहून नाही वाटणार?” असे म्हणून एका कारकुनाने आपलेही तेच सांगितले, दोन लेकरांच्या आईने मान डोलावली. वीस वर्षांची खात्री एका कप चहात विरघळली. आपल्यासारखे कोणी भेटले की स्वभाव बदलत नाही. त्याची लाज तेवढी जाते.

जगात याच्याही पुढची उदाहरणे आहेत. जपानात कैद्याला जखडण्याची होजोजुत्सू नावाची जुनी विद्या होती. विसाव्या शतकात तिच्याच धाग्यांतून दोन प्रौढ माणसांनी परस्परांच्या संमतीने बांधण्याची व बांधून घेण्याची एक रीत निघाली आणि ती पुढे देशोदेशी पसरली. पुष्कळांना हे विचित्र वाटेल. पण त्या मंडळींचे नियम पाहण्याजोगे आहेत. आधी विचारायचे, ‘थांब’ म्हणताच थांबायचे, बांधलेल्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, कात्री हाताशी ठेवायची, दंडाजवळ नस दबून बोटांना मुंग्या आल्या तर बांधून घेणाऱ्याने लगेच सांगायचे. म्हणजे बांधून घेणारा स्वस्थ पडलेला नसतो. त्याच्याकडेही काम असते: श्वास सांभाळणे, अंगाचे ऐकणे, खरे बोलणे.

इथे एक आक्षेप येतो. हवे तेव्हा सुटता येत असेल तर ते बंधन कसले? आणि सुटता येत नसेल तर ती संमती कसली? मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात म्हटले, की स्वतःला कायमचे गुलाम म्हणून विकण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचा भाग असू शकत नाही. कारण त्या एका होकाराने पुढचे सगळे होकार-नकार संपतात. मला हे पटते आणि आक्षेपाचे उत्तरही त्यातच दिसते. बांधून घेणारा आपली हालचाल दुसऱ्याच्या हाती देतो, आपला नकार देत नाही. दोर खराच असतो, अंगाला रुततोही. पण शब्द मोकळा राहतो. अकोल्याच्या त्या दुपारी मी होकार दिला होता. तो परत घ्यायचा तर ऐकणारे कोणी उरले नव्हते. एवढ्यानेच खेळाची कोठडी झाली.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही नुसती संमती पुरत नाही, ती मुक्त लागते. धाक, दडपण, फसवणूक किंवा गैरसमज यांतून आलेली चालत नाही. व्यवहारात एवढी काळजी घेणारे आपण घरात काय करतो? “तिला चालतं हो,” असे आपण सुनेविषयी, धाकट्या भावाविषयी, म्हाताऱ्या आईविषयी किती सहज म्हणतो! विचारले होते का? आणि विचारले असेल, तर ते किती वर्षांपूर्वी?

बंधने नकोत असे मी म्हणणार नाही. दोराशिवाय त्या मुलीला हवेत आडवे राहता आले नसते. पण यंदा दिवाळीला घर भरेल, फराळाची ताटे मांडली जातील, तेव्हा ज्याच्या अंगावर घरातल्या कामाचे सर्वांत जास्त वेढे आहेत त्याच्याजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे, “फार आवळलंय का?” उत्तर येईपर्यंत उठू नये.