सुटू दे, तुटू देऊ नको

ओझरच्या विघ्नहरा, आज हेराल्ड गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायचे आहेत. पान्याला हात लावण्याआधी तुझं नाव घेतो. उदबत्ती दाराबाहेर, रस्त्याच्या अंगाला लावली आहे; आत पेट्रोलची नळी मोकळी होणार आहे, रागावू नकोस.

पिकअपचं इंजिन काढताना मी तुला एवढं विनवत नाही, हे तू जाणतोस. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या पिकअप, जत्रांच्या सुपाऱ्यांवर निघालेले तमाशाचे ट्रक, यांचं काम हातात बसलेलं आहे. त्यांचा एखादा भाग गेलाच, तर नाना पेठेतून दुसरा येतो. हिचं तसं नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ही गाडी काढली, सत्तरीच्या सुरुवातीला थांबवली, आणि पुढे कंपनीही मिटली. आता हिचं काही हवं तर पुण्याचा जुना बाजार रविवारी-बुधवारी पालथा घालायचा, नाहीतर लेथवाल्याच्या मागे लागायचं. म्हणून देवा, जे सुटायचं ते सुटू दे, तुटू देऊ नको.

अभिनंदन राजाच्या यज्ञावर चालून गेलेला विघ्नासुर तुला शरण आला, तेव्हा तू त्याचा जीव घेतला नाहीस. त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलंस आणि कुकडीच्या काठी विघ्नेश्वर होऊन बसलास. तीच रीत माझ्या हाताला शिकव. एक्झॉस्टच्या पाइपाचे नट गंजून स्टडशी एकजीव झाले आहेत. रात्रभर तेल पाजलंय. आता रिंग पाना लावायचा, जरासा सैल करायचा, परत आवळायचा, पुन्हा थोडा जास्त सैल करायचा. आट्यांतून तांबडी भुकटी गळू लागली की अजून एक थेंब तेल. नट फिरतोय की स्टडच पिळवटतोय, हे डोळ्याला दिसत नाही, ते मनगटाला कळतं. पिळवटताना पाना मऊ लागतो. तो मऊपणा हाताला जाणवेल तिथेच मला थांबव. पान्याला पाइप अडकवून जोर काढायची बुद्धी देऊ नकोस.

ज्यांनी ही गाडी घडवली, त्यांचंही भलं कर. इटलीच्या मिकेलॉत्तीने हिचं रूप काढलं. मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खं बॉनेट पुढे कलतं, की पुढच्या चाकावर बसून इंजिनाला सगळीकडून हात पोहोचतो. हिच्याच सांगाड्याची लांबी कमी करून इंग्लंडात १९६२ साली स्पिटफायर निघाली, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. दोघींचाही गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो: सीट बाहेर काढायच्या, मधलं कव्हर उचलायचं, आणि बसल्या जागी बोल्ट खोलायचे. गाडीखाली उताणं पडून छातीवर गिअरबॉक्स झेलण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनाच विचार याची किंमत. दुरुस्ती करणाऱ्याच्या पाठीचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. असे विचार करणारे जगात वाढव, विघ्नहरा.

बॅटरीची अर्थ वायर सगळ्यात आधी. क्लचचा खालचा सिलिंडर नळी न तोडता बाजूला बांधून ठेवायचा. बेलहाउसिंगचे बोल्ट ज्या भोकातले, त्याच जागी पुठ्ठ्यावर टोचून ठेवायचे. यातलं काही विसरू देऊ नकोस. आणि गिअरबॉक्स मागे ओढताना तो सरळ रेषेत येऊ दे. त्याचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पुरता बाहेर येईपर्यंत सगळं वजन आमच्या हातांवर राहू दे. शाफ्टवर लोंबकळलं तर प्लेट गेली, आणि ती प्लेट पुन्हा कुठून आणू?

ही गाडी घोडेगावच्या एका मास्तरांची आहे. मारुतीचं इंजिन टाका, हे भंगारात घाला, असं त्यांना चार लोक सांगून गेले. मास्तर ऐकत नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. ९४८ सीसीचं हे लहानसं इंजिन अजून दमदार आहे. हिची किंमत किलोवर होऊ नये. पिस्टन निघतील, सिलिंडर मोजले जातील, तेव्हा मास्तरांना परवडेल एवढंच झिजलेलं निघू दे. आणि जे निघेल ते त्यांना आहे तसं सांगायचं बळ दे.

शेवटचं मागणं सगळ्यात मोठं. आहुप्याकडचं एक पोर माझ्याकडे काम शिकतंय. हुशार आहे, उत्साही आहे, म्हणूनच भीती वाटते. इंजिन चेनपुलीवर लटकलं की ते हलतं, फिरतं, आणि त्याला सावरायला पोर आपसूक हात पुढे करतं. फाउंडेशनच्या फटीत, इंजिन आणि चासीच्या मध्ये, त्याची बोटं जाऊ देऊ नकोस. चेनची कडी मी दोनदा तपासली आहे, तिसऱ्यांदा तू तपास. घाईत मी त्याच्यावर ओरडलो तर तो दचकेल, म्हणून माझा आवाज खाली ठेव. इंजिन जुन्या टायरवर नीट बसू दे, चेन ढिली पडू दे, मगच त्याला जवळ येऊ दे. नट तुटला तर लेथवाला करून देईल, देवा. त्याची दहाच्या दहा बोटं तेवढी सांभाळ.