वडावरचा यक्ष आणि जपानी पिस्तूल

जपानी लष्कराच्या ‘टाइप ९४’ पिस्तुलाच्या डाव्या अंगाला एक लांब पट्टी उघडीच राहिलेली आहे. पिस्तूल भरलेले, आतला घोडा चढवलेला आणि सेफ्टी काढलेली असेल, तर या पट्टीचे पुढचे टोक नुसते दाबले गेले तरी बार उडतो. चापाला बोट लावावे लागत नाही. एवढा भाग निखळ खरा, प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध.

त्याभोवती वाढलेली कथा वेगळी. जपानी अधिकारी शरण येताना हे पिस्तूल आडवे धरून पुढे करी, पट्टी दाबी आणि समोरच्याला लोळवी. त्याची घडणच मुळी त्यासाठी होती, असे दुसऱ्या महायुद्धानंतर सांगितले जाऊ लागले. ‘आत्मघाती पिस्तूल’ हे नावही चिकटले.

पण हे पाहिले कुणी?

सांख्य दर्शनाचे भाष्यकार वाचस्पती मिश्र यांनी ‘सांख्यतत्त्वकौमुदी’त अशा बोलण्याचा समाचार घेतला आहे. या वडावर यक्ष राहतो असे म्हातारे सांगतात. मूळ सांगणारा कोण, याचा पत्ता नाही. याला ऐतिह्य म्हणतात. वक्ताच ठाऊक नसल्यामुळे ते संशयास्पद, म्हणून प्रमाण नव्हे. वक्ता विश्वासार्ह ठरला, तर मात्र ते आप्तवचनात जमा. पिस्तुलाची कथा या कसोटीला उतरत नाही. शिवाय जो हातात भरलेले पिस्तूल घेऊन उभा आहे, त्याला चाप असताना चोरपट्टी कशाला हवी?

शस्त्ररचनाकार किजिरो नाम्बू यांचे हे पिस्तूल १९३४ साली, म्हणजे जपानी शाही सन २५९४ मध्ये, स्वीकारले गेले, म्हणून ९४. आठ मिलिमीटरच्या सहा गोळ्या, आकार आटोपशीर. अधिकाऱ्यांना पिस्तूल पदरच्या पैशाने घ्यावे लागे, त्यामुळे स्वस्त आणि हलके हत्यार हवे होते. त्या खटपटीत पट्टी उघडी राहिली. दोष आहे, कपट असल्याचा पुरावा नाही.

तरी कथा मानणाऱ्यांना भोळसट म्हणून हसण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर, जपानी शरण यायला तयार आहेत या बातमीवर विसंबून गेलेली अमेरिकन मरीन्सची एक गस्ती तुकडी जवळजवळ सगळी मारली गेली. असे अनुभव गाठीशी असलेल्याला उघड्या पट्टीत डावपेच दिसला तर नवल नाही. अनुमान भीतीने केले, एवढेच.

गंमत अशी, की कथा निराधार ठरली म्हणून पिस्तूल निर्धोक ठरत नाही, आणि ते निर्धोक मानण्याचा हा दुसरा गैरसमज जास्त घातक. संग्राहकांनी ‘टाइप ९४’ भरलेले, घोडा चढवलेले कधीच बाळगू नये. युद्धाच्या अखेरीस घाईने बनवलेल्या ओबडधोबड नगांतून तर जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये.